परदेशातील परकीय लष्करी तळ चित्रांवरून ओळखताना पुरावा कशाला म्हणावे?

प्रश्न : कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. मी सांगलीत भूगोल विषयात एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला शिकते. एखाद्या देशाच्या भूमीवर दुसऱ्याच देशाचे सैन्य आहे, हे हवाई छायाचित्रे आणि उपग्रहचित्रे पाहून कसे ठरवले जाते, हा विषय लघुप्रबंधासाठी घ्यावा असे माझ्या मनात आहे. आकार, आकारमान, छटा, पोत, आकृतिबंध, सावली, स्थान आणि साहचर्य (म्हणजे आजूबाजूला काय आहे) या खुणांवरून चित्र वाचायला आम्हाला शिकवले आहे. त्यांच्या आधारे ही धावपट्टी आहे, हे इंधनाचे टाके आहे, एवढे सांगता येते. परंतु धावपट्टी कोणी बांधली आणि तेथे राहणारे सैनिक कोणत्या देशाचे आहेत, हे वरून दिसत नाही. मग अभ्यासक एवढ्या खात्रीने अमुक देशाचा तळ असे कशाच्या बळावर लिहितात? दुसरी शंका अशी की, विकतची चित्रे मला परवडणारी नाहीत. तेव्हा केवळ मोफत मिळणाऱ्या चित्रांवर असा अभ्यास उभा राहू शकेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : निवृत्त सुभेदार, सातारा

ताई, विषय चांगला निवडला आहे, तो सोडू नका. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९६२ च्या क्युबा प्रकरणात, म्हणजे सोव्हिएत संघाने क्युबात गुपचूप क्षेपणास्त्रे नेली त्या प्रकरणात, जितके स्पष्टपणे मिळते, तितके दुसरीकडे क्वचितच मिळेल. २९ ऑगस्ट १९६२ रोजी अमेरिकेच्या यू-२ या टेहळणी विमानाने क्युबावरून घेतलेल्या छायाचित्रांत विमानवेधी क्षेपणास्त्रांची ठाणी आढळली. सोव्हिएत सैन्य एसए-२ क्षेपणास्त्रांची मांडणी ठरावीक पद्धतीने करत असे : मधोमध रडार, भोवती सहा प्रक्षेपक आणि त्यांना जोडणारे रस्ते, की ज्यामुळे वरून सहा टोकांची चांदणी उमटलेली दिसे. ही मांडणी कवायतीच्या पुस्तकातून आलेली असते, आणि परमुलखात गेल्यावरही सैन्य ती सहसा मोडत नाही, कारण जवानांच्या हाताला तीच वळणे पडलेली असतात. सैन्याची ओळख पटते ती अशा सवयींतून.

पुढे १४ ऑक्टोबरला मेजर रिचर्ड हेयसर यांनी पश्चिम क्युबावरून केलेल्या उड्डाणात काही मिनिटांत ९२८ छायाचित्रे घेतली. वॉशिंग्टनच्या छायाचित्र-वाचन केंद्रात आर्थर लुंडाल यांच्या हाताखालच्या माणसांनी दुसऱ्या दिवशी ती भिंगाखाली पाहिली, तेव्हा सान क्रिस्तोबालजवळ ताडपत्रीखाली झाकलेल्या लांबट वस्तू दिसल्या. त्यांची लांबी मोजून मॉस्कोच्या संचलनात दिसलेल्या क्षेपणास्त्रांशी ती ताडून पाहण्यात आली. शिवाय ओलेग पेन्कोव्स्की या सोव्हिएत अधिकाऱ्याने गुपचूप पुरवलेली कागदपत्रे हाताशी होती, म्हणून ती मध्यम पल्ल्याची आर-१२ क्षेपणास्त्रे आहेत असे छातीठोकपणे सांगता आले. १६ तारखेच्या सकाळी ही माहिती अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यापुढे गेली. येथे छायाचित्र, मोजमाप आणि आतल्या माणसाची साक्ष अशा तीन गोष्टी एकमेकींना दुजोरा देत होत्या, हे प्रबंधात जरूर मांडा.

याच प्रकरणाची दुसरी बाजूही तितक्याच आस्थेने लिहायला हवी. क्युबात त्या वेळी सुमारे ४२,००० सोव्हिएत सैनिक होते, हे पुष्कळ वर्षांनी उघड झाले. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचा अंदाज मात्र १०,००० च्या आसपास होता. क्षेपणास्त्रे दिसली, त्यांचे तंबू दिसले, पण त्यांची अण्वस्त्र-टोके बेटावर पोहोचली आहेत की नाहीत, हे छायाचित्रांवरून शेवटपर्यंत निश्चित करता आले नाही. ती तेथे होती. माणसांची संख्या आणि बंद कोठारातील माल या दोन बाबतींत आकाशातून घेतलेले चित्र फार तोकडे पडते.

पुष्कळांना ठाऊक असलेला एक दाखला मात्र जपून वापरा. १९७० मध्ये क्युबातील सिएनफ्यूगोस बंदरात नव्या बराकींजवळ फुटबॉलचे मैदान दिसले, आणि क्युबाचे लोक बेसबॉल खेळतात, तेव्हा हे रशियन असणार, असा तर्क अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांनी केला. गोष्ट रंजक आहे, म्हणून ती पुन्हा पुन्हा सांगितली जाते. परंतु फुटबॉल क्युबातही खेळला जात होता. खरे वजन होते ते त्याच सुमारास बंदरात आलेल्या पाणबुड्यांच्या सेवा-जहाजाला आणि त्याच्यासोबतच्या तराफ्यांना. मैदानाने लक्ष वेधले, जहाजाने खात्री पटवली.

उत्तर : नकाशाघर, मिरज

सुभेदार साहेबांनी लिहिलेले मला मनापासून पटले. मी जीआयएसचे, म्हणजे संगणकावरील नकाशांचे काम करतो, मुख्यतः पाणलोट आणि पीकपाहणीचे; त्यामुळे मोफत चित्रांविषयीच्या शंकेला उत्तर देतो.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात आणि साधारण दर पाच दिवसांनी नवे चित्र येते. त्यांचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने जवळजवळ एक गुंठा. तीन किलोमीटरची धावपट्टी त्यात तीनशे पिक्सेल लांब आणि चार-पाच पिक्सेल रुंद दिसते, म्हणजे ती ओळखता येते. पंधरा मीटर लांबीचे लढाऊ विमान मात्र एक-दोन पिक्सेलांत सामावते आणि डांबरावरच्या ठिपक्यापलीकडे त्यातून काही हाती लागत नाही. २०१४ मध्ये सोडलेल्या वर्ल्डव्ह्यू-३ या खासगी उपग्रहाचा पिक्सेल ३१ सेंटिमीटरचा आहे. आपला कार्टोसॅट-३, जो २७ नोव्हेंबर २०१९ रोजी प्रक्षेपित झाला, त्याच्याही पुढे जातो. पण तसली चित्रे घरबसल्या फुकट उतरवून घेता येत नाहीत. म्हणून कामाची विभागणी करावी. जमीन केव्हा साफ झाली, भराव केव्हा पडला, धक्का किनाऱ्यापासून किती पुढे सरकला, या घटनांच्या तारखा मोफत चित्रांवरून काढाव्यात. विमाने, वाहने, रडार अशा वस्तूंसाठी गूगल अर्थवरील जुनी, बारकाव्याची चित्रे पाहावीत. तेथे एक काळजी आवर्जून घ्या. पडद्यावर सलग दिसणारा भाग बहुधा वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या तुकड्यांचा जोड असतो, त्यामुळे धावपट्टीच्या एका टोकाची तारीख दुसऱ्या टोकाला लागू होईलच असे नाही.

उंची काढायची असेल तर सावली मोजा. सावलीची लांबी गुणिले सूर्याच्या उन्नतांशाचे (क्षितिजापासून सूर्य किती वर आहे त्या कोनाचे) टॅन्जेन्ट, एवढेच गणित आहे. चित्राचा दिवस आणि वेळ ठाऊक असेल तर उन्नतांश काढता येतो. जमीन उताराची असेल तर उत्तर चुकते, म्हणून जवळच्या एखाद्या माहीत असलेल्या इमारतीवर आधी पडताळा घ्यावा.

आता रडारविषयी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, तेव्हा कित्येक दिवस आभाळ भरलेले होते आणि साध्या उपग्रहचित्रांत सांगलीच्या जागी पांढऱ्या ढगांखेरीज काही दिसत नव्हते. सेंटिनेल-१ च्या रडार-चित्रांत मात्र पुराची सीमा दिसत होती, कारण रडारचे किरण ढगांतून आरपार जातात, आणि संथ पाणी ते दुसरीकडे परावर्तित करते, म्हणून काळे उमटते. याच गुणामुळे काळ्या पाण्यावर पोलादी जहाज पांढरेशुभ्र चमकते. कंबोडिया किंवा म्यानमारसारख्या पावसाळी देशांत बंदरावर पाळत ठेवायची असेल, तर हे साधन हाताशी हवेच. त्याचा आणखी एक अनपेक्षित उपयोग आहे : काही लष्करी रडार सेंटिनेल-१ च्याच लहरींच्या पट्ट्यात प्रक्षेपण करतात, आणि त्यांचा व्यत्यय चित्रात तिरप्या पट्ट्यांच्या रूपाने उमटतो. पॅट्रियट या अमेरिकी विमानवेधी क्षेपणास्त्र यंत्रणेची रडार अशा पट्ट्यांवरून हुडकली गेली आहेत. इमारतीवरून जे कळत नाही, ते कधी कधी अशा पट्ट्यांवरून कळते.

तरीही माझ्या मते सगळ्यांत कठीण खूण साहचर्याचीच आहे. तासगाव-कवठेमहांकाळ भागातील बेदाण्याची शेड वरून पाहा. लांबच लांब, एकमेकींना समांतर, शेडनेटने झाकलेल्या रांगा, मधून गाड्यांच्या चाकोऱ्या, हंगाम आला की अचानक वाढणारी वर्दळ आणि एरवी सामसूम. आपला मुलूख ज्याला माहीत नाही, असा एखादा परदेशी अभ्यासक त्यावर खुशाल तात्पुरती छावणी असे लिहून मोकळा होईल. आपण तसे लिहिणार नाही, कारण भोवतीच्या द्राक्षबागा आपल्याला ओळखू येतात आणि द्राक्षे कधी उतरतात तेही ठाऊक असते. ज्या देशाचा तळ तपासायचा आहे, तेथील शेती, बांधकामाची पद्धत, बंदरांची रोजची रहदारी आधी शिकून घेतल्याशिवाय लष्करी खुणा शोधायला जाऊ नये, एवढा माझा आग्रह आहे.

प्रश्नकर्ती : कृष्णाकाठ, सांगली

दोघांचेही मनापासून आभार. गुंठ्याचा हिशेब तर मी जसाच्या तसा वापरणार आहे. अंदमानच्या उत्तरेकडील ग्रेट कोको बेटाविषयी वर्तमानपत्रांत वारंवार येते, तेव्हा उदाहरण म्हणून तेच घ्यावे असे वाटू लागले आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर : सागरवेध, कराड

कोको बेटाचा अभ्यास जरूर करा, पण मुख्य उदाहरण म्हणून ते घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. हे बेट म्यानमारचे आहे आणि अंदमान-निकोबारपासून सुमारे ५५ किलोमीटरवर आहे. तेथे चीनचे टेहळणी केंद्र आहे, असे १९९० च्या दशकात सर्रास लिहिले जात होते. २००५ मध्ये आपले तत्कालीन नौदलप्रमुख ॲडमिरल अरुण प्रकाश यांनी तसे केंद्र तेथे नसल्याचे सांगितले. त्यानंतर जानेवारी २०२३ मधील मॅक्सार कंपनीच्या उपग्रहचित्रांत धावपट्टी सुमारे २,३०० मीटरपर्यंत वाढवलेली, नवी हँगर उभी राहत असलेली आणि दक्षिणेकडच्या छोट्या बेटाकडे जाणारा भराव दिसला. ब्रिटनच्या चॅटहॅम हाउस या संस्थेने त्यावर लिहिल्यानंतर चर्चेला पुन्हा उधाण आले. म्यानमार आणि चीन या दोघांनीही परकीय तळाचा इन्कार केला. चित्रांतून बांधकाम सिद्ध होते, आणि ते भारताने डोळ्यांत तेल घालून पाहावे असेच आहे. मालकी मात्र त्या चित्रांतून सिद्ध होत नाही. तेथे म्यानमारचे स्वतःचे सैन्य पूर्वीपासून आहे, आणि आपल्या भूमीवरची धावपट्टी वाढवण्याचा त्यालाही अधिकार आहे. धावपट्टी लांबली, म्हणजे चिनी आले, ही उडी विद्यार्थ्याने मारू नये आणि संपादकानेही मारू नये.

याउलट बलुचिस्तानातील शम्सी धावपट्टीचे प्रकरण पाहा. अमेरिकी ड्रोन पाकिस्तानातूनच उडतात, असा उल्लेख सिनेटर डायान फाइनस्टाइन यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये एका जाहीर सुनावणीत केला. त्यानंतर काही दिवसांतच वर्तमानपत्रांनी गूगल अर्थवरचे २००६ मधील चित्र छापले, आणि त्यात शम्सीच्या धावपट्टीलगत ड्रोन उभे असलेले दिसले. अमेरिकेच्या प्रिडेटर ड्रोनचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे पंधरा मीटर, अंग बारीक आणि शेपूट उलट्या व्ही आकाराची असते; पाकिस्तानकडे तेव्हा तसले विमान नव्हते. वस्तू अशी हवी, की जी यजमान देशाकडे असूच शकत नाही. ती सापडली, म्हणजे परकीय उपस्थितीचा पुरावा खऱ्या अर्थाने मिळाला. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेला तो तळ सोडावा लागला. सीरियातही असेच झाले : डिसेंबर २०२४ मध्ये असद राजवट कोसळल्यावर तेथील हमेमिम या रशियन हवाई तळावर रशियाची दोन अवाढव्य एएन-१२४ मालवाहू विमाने नाकाडे वर उचलून उभी असलेली दिसली, आणि सामान भरण्याची तयारी चालू आहे हे कोणी सांगण्याआधीच कळले.

म्हणून मुख्य उदाहरण कंबोडियातील रीम नाविक तळाचे घ्या, असे सुचवतो. तेथील अमेरिकेच्या पैशाने उभारलेली एक इमारत २०२० मध्ये पाडल्याचे प्रथम चित्रांतच दिसले. २०२३ मध्ये समुद्रात खोलवर जाणारा धक्का तयार झाला, आणि चीनने १ ऑगस्ट २०१७ रोजी जिबूतीत उघडलेल्या तळाला पुढे जोडलेल्या धक्क्याशी त्याचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले. डिसेंबर २०२३ मध्ये चीनच्या दोन युद्धनौका तेथे लागल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांच्या संयुक्त केंद्राचे रीतसर उद्घाटन झाले. येथे सवयीची खूण आहे, कालक्रम आहे, आणि जाहीर कबुलीही आहे. तुम्ही चित्रांवरून काढलेल्या तारखा उघड घटनांशी ताडून पाहता येतील, जे कोकोच्या बाबतीत शक्य होणार नाही.

उत्तर : निवृत्त सुभेदार, सातारा

रीमची सूचना मला पसंत आहे. एक पथ्य तेवढे पाळा. सरावासाठी आपल्याकडची धरणे, साखर कारखाने, विमानतळ खुशाल पाहा, परंतु आपल्या सैन्याची ठाणी, वाहनांच्या रांगा किंवा सीमेजवळची बांधकामे शोधून त्यांची चित्रे कोठेही टाकू नका, मग ती गूगलवर सर्वांना दिसत असली तरीही. विखुरलेली माहिती कोणी एका जागी लावून दिली, की तिचे मोल बदलते. आमच्या जिल्ह्यात अपशिंग्यासारखी गावे आहेत, जेथे घराघरांतून मुले सैन्यात गेलेली आहेत. ती आज कोठे आहेत, हे आपल्या हातून कोणाला कळू नये.

उत्तर : नकाशाघर, मिरज

सुभेदार साहेबांशी पूर्ण सहमत. ताई, रीमची २०२१ ते २०२४ या काळातील सेंटिनेल-२ ची कमी ढगांची चित्रे महिनावार निवडा आणि प्रत्येकावर धक्क्याचे टोक किनाऱ्यापासून किती पिक्सेलांवर आहे, याची नोंद करा. पावसाळ्यातली खिंडारे सेंटिनेल-१ ने भरून काढा. मीही स्वतंत्रपणे तीच मोजमापे करून ठेवतो. तुमचा तक्ता तयार झाला, की येथेच टाका; जेथे आपल्या आकड्यांत दोन पिक्सेलांहून अधिक फरक पडेल, ती चित्रे पुन्हा तपासू.