अनुभव धागा: गाडी उभी असताना पैसे कोण देतं?

ओळखीतल्या तीन ड्रायव्हरांचं काम एकापाठोपाठ सुटलं, म्हणून हा धागा. मंदी आली की आमच्या ट्रकच्या धंद्याला आधी कळतं. गोदामात माल पडून राहिला की नवी ऑर्डर निघत नाही, आणि ऑर्डर नाही तर खेप नाही. तेजीत हौसेनं घेतलेल्या गाड्या मात्र रस्त्यावरच असतात. माल थोडा, गाड्या फार, भाडं पडलं. पडलेल्या भाड्याची भरपाई कुणाच्या पगारातून होते, ते सांगायला नको. अशा दिवसांत बरं काम कसं मिळालं, किंवा कसं हुकलं, ते लिहा. कंपन्यांची नावं नकोत.

*

मी किलोमीटरच्या दरावर भुललो होतो. जाहिरातीतला आकडा बघितला आणि जुनं काम सोडलं. पहिल्याच आठवड्यात एका गेटवर ९ तास उभा. का, तर माल अजून पॅकच व्हायचा होता. झोपावं तर नंबर जाईल, जागावं तर रात्री स्टिअरिंगवर डुलकी येईल.

मग एक वही केली. गाडी चालली किती आणि उभी राहिली किती, रोज लिहायचं. महिन्याअखेरीस बेरीज केली तर १९४ तास चाललो, १०३ तास उभा. त्या १०३ तासांचा एक पैसा नाही. पगाराला सगळ्या तासांनी भागलं आणि वही मिटून ठेवली. बायकोला आकडा सांगितला नाही.

पुढचं काम शोधताना दर शेवटी विचारायचा असं ठरवलं. आधी एकच प्रश्न: लोडिंगला खोळंबा झाला तर कितव्या तासापासून पैसे? दोन ठिकाणी "बघू, करू काहीतरी" असं उत्तर आलं. तिसऱ्यानं कागदच पुढे सरकवला. पहिले २ तास सोडून पुढे तासाप्रमाणे, आणि रिकाम्या फेरीलाही तोच किलोमीटरचा दर. हा दर आधीच्यापेक्षा कमी होता. तरी घेतलं, आणि हातात जास्त पडतात.

*

वरच्यांना +१. एक भर घालतो. ऑफिसात जायच्या आधी मागच्या गेटवर जा, तिथले ड्रायव्हर खरं सांगतात. आणि टायर बघा. टायरवर वाचवणारा मालक तुमच्यावर वाचवणार नाही असं कशावरून?

*

मी नवीन. हेवी लायसन्स हातात, अनुभव शून्य. विमावाले नवख्याला हात लावत नाहीत, असं प्रत्येक मालक सांगायचा. त्यात तथ्य असतं, पण नको म्हणायला सोयीचंही असतं.

शेवटी एका यार्डात ट्रेलर हलवायचं काम धरलं. गेटवरून डॉकला, म्हणजे माल चढवा-उतरवायच्या ओट्याला, डॉकवरून पार्किंगला. मित्र हसले, हे काय ड्रायव्हिंग? पण दिवसाला तीस-चाळीस वेळा रिव्हर्स मारला की हात बसतो. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरतं हे शिकवणारे सांगतात, अंगात मात्र यार्डातच भिनतं. वर्षभरात तिथे येणारे सगळे वाहतूकदार तोंडओळखीचे झाले, त्यातल्याच एकानं ट्रायलला बोलावलं.

माझ्या आधीचा गडी थेट केबिनमध्ये चढला. मी गाडीभोवती चक्कर मारली, नट चाचपले, ब्रेकची हवा भरू दिली, लाइनमधून कुठे सूं होतंय का ऐकलं. साहेब म्हणाले, चालवून दाखवायची घाई नाही, तुझं निम्मं काम झालं.

*

टँकर चालवते. वेगळं प्रशिक्षण लागतं, म्हणून उमेदवार कमी, म्हणून मंदीतही काम टिकलं. फुकट मात्र काही नाही. लोकांना वाटतं भरलेला टँकर अवघड. खरा त्रास अर्ध्या भरलेल्याचा. ब्रेक दाबला की आतला माल पुढे धावतो आणि थांबलेली गाडी ढकलतो. खाण्यापिण्याच्या मालाच्या टाक्यांत माल हेलकावू न देणारे आडपडदे धुलाईच्या सोयीसाठी बहुधा नसतात, तिथे तर फारच जपावं लागतं.

वहीवाल्या दादांचा प्रश्न मीही विचारते. पण त्याआधी माझा एक असतो: जिथे तासन्‌तास उभं करता, तिथे बाईला वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का? उत्तर द्यायला जो गोंधळतो, त्याच्याकडे आजवर बाई आलेलीच नसते, किंवा टिकलेली नसते.

*

माझा अनुभव कडू आहे. कंपनी म्हणाली, "हप्ते फेडा, गाडी तुमची." डिझेल माझं, टायर माझे, दुरुस्ती माझी. माल मात्र तेच देणार आणि हप्ताही तेच कापणार. माल कमी झाला, हप्ता नाही झाला. १४ महिन्यांनी गाडी त्यांच्या दारात लावून आलो, खिसा रिकामा. दुसरा ड्रायव्हर त्याच गाडीवर त्याच आठवड्यात बसला. माल देणारा आणि हप्ता घेणारा एकच असेल तर सही करू नका, एवढंच.

*

उद्या माझी ट्रायल आहे. गेटवरच्या तासांचं विचारणार आहे, पण कधी विचारू? आधीच विचारलं तर कटकट्या वाटेन.

*

ट्रायल होऊ दे. किल्ली परत देताना विचार. तोवर त्यांनाही तू हवा झालेला असशील. आणि वही घेऊन जा रे, उत्तर तिथल्या तिथे लिहून घे, त्यांच्या देखत.