भाच्याच्या इंक ड्रॉइंग्जचं प्रदर्शन, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझा भाचा २२ वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलतो मोजकंच पण काळ्या पेनाने जे काढतो ते बघून आपणच गप्प होतो. पुण्याची मंडई काढली तर मधला मनोरा, कौलं, खाली भाजीवाल्यांचे वजनकाटे सगळं येतं, आणि तेही ०.०५ च्या म्हणजे अगदी बारीक टोकाच्या पेनाने, एकेका चित्राला दीड दोन महिने.

लंडनचा चित्रकार स्टीफन विल्टशायर याचे व्हिडिओ बघून ताईला हुरूप आलाय (तोही ऑटिस्टिक, २००५ साली हेलिकॉप्टरमधून चक्कर मारून आल्यावर टोकियोचं १० मीटर लांब चित्र आठवणीतून काढलं होतं). पण लोक लगेच विचारतात, हा पण तसंच करतो का? नाही हो, हा फोटो समोर ठेवून काढतो, प्रत्येकाची पद्धत वेगळी.

तर अडचण अशी की जुनी चित्रं साध्या जेल पेनाची आहेत आणि खिडकीजवळ लावलेली दोन फिकी पडलीत. नवीन पिगमेंट इंकची (उजेडाने सहसा फिकी न पडणारी शाई) आहेत त्यांचं टेन्शन नाही. जुन्यांचं काय करू, चांगलं स्कॅन करून प्रिंटच लावू का? अ‍ॅसिड फ्री माउंट (चित्राचा कागद पिवळा पडू नये म्हणून फ्रेममध्ये लावतात तो पुठ्ठा) पुण्यात कोण करतं? मागच्या फ्रेमवाल्याने सरळ फेविकॉलने चिकटवलं, काय बोलणार.

आणि उद्घाटनाच्या गर्दीचा, माइकचा त्याला त्रास होतो, कोणी असं प्रदर्शन भरवलंय का, कसं जमवलंत? किंमत लावताना ‘बिचारा’ म्हणून कोणी घेऊ नये एवढीच ताईची अट आहे.