धसका आणि धास्ती एकच का?

ट्रॉमाला 'मानसिक आघात' आणि पीटीएसडीला (मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणाऱ्या त्रासाला) 'आघातोत्तर तणाव' म्हणतात, चूक काहीच नाही, पण हे शब्द माझ्या आईसमोर ठेवले तर हे तिच्याबद्दल चाललंय हे तिला कळणारच नाही. तिचा शब्द धसका. "तेव्हापासून मी धसकाच घेतलाय गं."

तेव्हापासून म्हणजे एप्रिल २०२१. बाबा कोविडनं अ‍ॅडमिट, आम्ही दोघी घरात क्वारंटाइन, आणि आई रात्र रात्र बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलेली. एकदा पहाटे तीनला म्हणाली श्वास पुरत नाहीये, ओठांना मुंग्या आल्यात, हातपाय गार पडलेले, आणि मशीनवर ऑक्सिजन ९८. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मुंग्या त्यानं येतात. उलट कोविडमध्ये काही पेशंटचा ऑक्सिजन ८५ च्या खाली जायचा तरी त्यांना धाप लागायची नाही. आई मात्र आधीच म्हणाली होती, "धाप नाही गं, जीव घाबरा झालाय." केवढा नेमका फरक केला तिनं!

मला वाटतं धास्ती पुढच्याची असते (रिपोर्टची धास्ती, तिसऱ्या लाटेची धास्ती) आणि धसका होऊन गेलेल्याचा. छातीत धस्स होतं तोच आवाज त्यात आहे, दणका, झटका, ठसका तसा धसका. बरोबर आहे का?

यावर कुणीतरी म्हणालं, "पण परीक्षेचा धसका पोरं पेपरच्या आधीच घेतात की."

हो, हे माझ्या लक्षात नव्हतं आलं. मग फरक बहुतेक काळाचा नाही, अंगाचा आहे. धास्ती वाटते, लागते, आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला की जाते. धसका बसतो नाहीतर माणूस तो घेतो, आणि एकदा घेतला की सांगून जात नाही. पीटीएसडी हे नाव अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत १९८० ला आलं, त्रास महिन्याहून जास्त टिकला तर ते निदान करतात. आपल्याकडे 'धसक्यानं गेला', 'धसक्यानं अंथरूण धरलं' हे आजीच्या तोंडी कायम असायचं, म्हणजे मनाचं दुखणं अंगात उतरतं हे या शब्दात आधीपासून आहेच.

बाबा बरे होऊन घरी आले, आता रोज फिरायला जातात. तरी रस्त्यावरून अँब्युलन्स गेली की आई हातातली पोळी तव्यावर तशीच सोडते आणि आधी बाबा कुठे आहेत ते बघून येते.