अनुभव धागा : ‘आम्ही कळवतो’ म्हणाले, पुढे काय झालं?

चार फेऱ्या झाल्या होत्या. पहिली फोनवर, दुसरी लेखी, तिसरी विभागप्रमुखांबरोबर आणि चौथी थेट संचालकांबरोबर. चौथीनंतर त्यांनी माझ्याविषयी सांगू शकतील अशा दोन माणसांचे नंबर मागितले. मी माझ्या जुन्या साहेबांना फोन केला. ते आता निवृत्त आहेत. “फोन जवळच ठेवतो,” म्हणाले, आणि खरोखरच आठवडाभर दुपारी झोपतानाही त्यांनी तो उशाशी ठेवला. त्यांना फोन आला नाही. मलाही आला नाही. मी दोन मेल केले, उत्तर नाही. याला आता अकरा आठवडे होतील.

नकार मला नवा नाही. पण साहेब दर रविवारी विचारतात, “काही कळलं का रे?” आणि त्यांना काय सांगावं हे मला समजत नाही. आपल्यासाठी दुसऱ्याने शब्द टाकायची तयारी ठेवावी आणि तो शब्द कोणी विचारूही नये, हे मला फार लागलं आहे.

म्हणून हा धागा. नोकरी शोधताना तुमच्याशी लोक कसे वागले ते लिहा. कंपनीचं नाव नको. किती फेऱ्या झाल्या, काय विचारलं, गाडी कुठे अडली, आणि नंतर खरं कारण कळलं असेल तर तेही लिहा. जे टेबलाच्या पलीकडे बसतात, म्हणजे निवड करतात, त्यांनीही लिहावं. त्यांचं म्हणणं मला मनापासून ऐकायचं आहे.

*

लेखापाल, ९ वर्षांचा अनुभव

माझी अडचण मुलाखतीपर्यंत पोचतच नव्हती. सीव्ही अपलोड करा म्हणतात, केला. पुढच्या पानावर तीच माहिती पुन्हा भरायची असते. काही ठिकाणी सिस्टीम सीव्ही वाचून रकाने आपोआप भरते, पण माझ्या बाबतीत हुद्द्याच्या जागी कॉलेजचं नाव आणि तारखांच्या जागी भलतंच काही. ते सगळं खोडून पुन्हा लिहायचं. एका अर्जाला चाळीस मिनिटं लागायची आणि शेवटचं बटण दाबताना लॉगिनची वेळ संपलेली असायची.

पाच महिने एकही कॉल नाही. मग पुतण्या म्हणाला, “काका, सगळा सीव्ही कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा. मशीनला साधारण तसाच दिसतो.” बघितलं. मी दोन रकान्यांचा छान दिसणारा नमुना वापरला होता. डावीकडची कौशल्यं आणि उजवीकडच्या नोकऱ्या एकमेकांत मिसळून गेल्या होत्या. फोन नंबर मी पानाच्या हेडरमध्ये टाकला होता, तो तर आलाच नाही!

मग एकच रकाना ठेवला, साधी शीर्षकं दिली, चौकटी आणि चित्रं काढली, नंबर मजकुरात घेतला. तीन आठवड्यांत दोन कॉल आले. नोकरी अजून नाही, पण निदान कोणीतरी माझं नाव वाचतंय. ज्यांना महिनोन् महिने काहीच येत नाही त्यांनी आधी हे तपासा.

*

नुकतीच पदवी घेतलेली

‘फ्रेशर हवेत’ असं वर आणि ‘किमान दोन वर्षांचा अनुभव’ असं खाली. अशा जाहिराती मी आता मोजत नाही.

मला जे सांगायचंय ते वेगळं आहे. सात महिने झाले होते. एकदा मेसेज आला, चॅटवरच मुलाखत, वीस मिनिटांत संपली आणि दोन तासांत ऑफर लेटर. लेटरवर एका मोठ्या कंपनीचं नाव, शिक्का, सही, सगळं. लॅपटॉप आणि ट्रेनिंगसाठी अनामत भरा, पहिल्या पगारात परत मिळेल. मी भरली. बाबांकडून घेतली.

खरा मालक नोकरी देण्यासाठी पैसे मागत नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही. मैत्रिणींना मीच सांगायचे. पण सात महिन्यांनी पहिल्यांदा कोणीतरी मला ‘अभिनंदन’ म्हटलं होतं, आणि तो शब्द खोटा असावा असं मला वाटूच द्यायचं नव्हतं. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत. आता कुठलीही ऑफर आली की मी मेलचा पत्ता अक्षर अक्षर तपासते आणि कंपनीच्या मूळ वेबसाइटवरचा नंबर शोधून स्वतः फोन करते.

*

ग्राफिक डिझायनर

‘छोटंसं असाइनमेंट’ म्हणून दिलं आणि तीन रात्री गेल्या. एका नव्या उत्पादनाचं पूर्ण वेष्टन, तीन पर्याय, वर सोशल मीडियासाठी सहा पोस्ट. पाठवल्यावर “टीमला खूप आवडलं” एवढं उत्तर आलं, मग काही नाही. चार महिन्यांनी दुकानात तो डबा हातात आला. रंग बदललेले होते, पण झाकणाची ती वळणदार रेघ माझी होती. मी ती हाताने काढली होती, तीन वेळा खोडून. भांडले असते, पण हातात लेखी काहीच नव्हतं.

आता मी आधीच विचारते: यावर तुम्ही प्रत्यक्ष काम करताय का? करत असाल तर मला काल्पनिक विषय द्या, किंवा तासांप्रमाणे मानधन द्या. आणि जे पाठवते त्यावर आडवा वॉटरमार्क असतो. दोन ठिकाणी यावरून मला नाही म्हटलं. एका ठिकाणी मात्र मानधन दिलं, निवड केली नाही, आणि का नाही केली ते दहा मिनिटं फोनवर समजावून सांगितलं. त्या बाईंबद्दल मला आजही आदर आहे.

*

चार वर्षांच्या खंडानंतर

मुलगा झाल्यावर मी काम सोडलं होतं. परत सुरुवात केली तेव्हा पाचपैकी चार मुलाखतींत तांत्रिक प्रश्नांच्या आधी विचारलं गेलं: मूल कोण सांभाळतं? आजारी पडलं तर? दुसऱ्याचा विचार आहे का? माझ्या नवऱ्याने त्याच वर्षी नोकरी बदलली. त्याला मूल आहे का हेही कोणी विचारलं नाही.

मला बरेच दिवस वाटायचं की मीच उत्तर नीट देत नाही. मग समाजशास्त्रज्ञ शेली कोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २००७ सालचं संशोधन वाचनात आलं. त्यांनी अमेरिकेत खऱ्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक इतकाच की एका अर्जातून ती स्त्री आई असल्याचं कळत होतं. मूल नसलेल्या स्त्रियांना आई असलेल्या स्त्रियांच्या तुलनेत दुपटीहून थोडे जास्त कॉल आले. पुरुषांच्या बाबतीत वडील असण्याने काही बिघडलं नाही. ते वाचून मी रडले, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःची उत्तरं दुरुस्त करणं थांबवलं.

आता तो प्रश्न आला की मी शांतपणे म्हणते, “या कामाच्या वेळा आणि प्रवास किती आहे ते सांगा, मला जमेल की नाही ते मी नक्की सांगते.” बहुतेक जण ओशाळतात. एकाने मात्र फाइल तिथेच मिटली.

*

विक्री विभाग

थोडक्यात लिहितो. पहिल्या फोनवर पहिला प्रश्न: सध्याचा पगार किती? मी आधीच्या ठिकाणी कमी पगारावर अडकलो, म्हणून पुढच्यानेही त्यावर थोडीशी वाढ द्यायची. कामाची किंमत कोणी ठरवतच नाही. मी एकदा “तुमचं बजेट सांगा” म्हटलं तर “तुम्हाला फक्त पैशात रस दिसतो” असं ऐकवलं.

हा प्रश्न विचारायलाच बंदी असू शकते हे मला अलीकडे कळलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१८ पासून ऑफर देण्याआधी जुना पगार विचारता येत नाही. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशात तर जुना पगार विचारायचा नाही आणि मुलाखतीआधी वेतनाची श्रेणी उमेदवाराला सांगायची, असं दोन्ही आहे. सदस्य देशांना कायद्यात बदल करायला ७ जून २०२६ पर्यंतची मुदत दिली होती. म्हणजे मी मागत होतो ते काही जगावेगळं नव्हतं.

*

सॉफ्टवेअर टेस्टर

माझा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा. ऑफर लेटर हातात आलं, राजीनामा दिला, निरोपसमारंभही झाला. जॉइनिंगच्या नऊ दिवस आधी मेल: ‘व्यवसायातील बदलांमुळे हे पद तूर्तास स्थगित.’ खाली पुढील वाटचालीस शुभेच्छा.

जुन्या ठिकाणी माझ्या जागी माणूस घेतलेला होता. त्या तीन महिन्यांत मी दुसऱ्या दोन ठिकाणांना “मी शब्द दिलाय” म्हणून नकार कळवला होता. तेच मी शब्द मोडला असता तर? “उमेदवार बेभरवशाचे झालेत” हे वाक्य मी त्याच कंपनीच्या एचआरकडून मुलाखतीत ऐकलं होतं.

घरात सांगायला मला चार दिवस लागले. सकाळी डबा घेऊन निघायचो आणि वाचनालयात बसायचो.

*

वय ५४, प्रशिक्षक

तुम्हा सगळ्यांना निदान समोर माणूस तरी मिळाला. माझी मुलाखत कॅमेऱ्याने घेतली. लिंक येते, पडद्यावर प्रश्न उमटतो, विचार करायला तीस सेकंद, उत्तराला दोन मिनिटं, कोपऱ्यात आकडे उलटे धावत असतात. पलीकडे कोणीच नाही. मी तीस वर्षं माणसांचे चेहरे बघून बोलत आलो. समोरच्याच्या कपाळावर आठी दिसली की उदाहरण बदलायचं, हीच माझी विद्या. इथे मला माझाच चेहरा दिसत होता. तिसऱ्या प्रश्नाला माझा आवाज कापायला लागला.

दुसऱ्या एका ठिकाणी समोरासमोर भेटले. तिथे कारण होतं, “तुमचा अनुभव या पदाला जास्त आहे.” मी म्हटलं, पगार आणि काम दोन्ही वाचूनच अर्ज केलाय, मला हेच काम हवंय. त्यावर त्या तरुण मॅनेजरने खाली बघितलं. तो मुलगा वाईट नव्हता. त्याला माझा साहेब व्हायचा संकोच वाटत होता, आणि ते तो बोलू शकत नव्हता एवढंच.

*

भरती विभागात ७ वर्षं

धागाकर्त्यांनी बोलावलं म्हणून लिहिते. वाचताना मान खाली गेली, कारण यातलं बरंचसं आम्ही करतो.

आधी मशीनबद्दल. तुमचा अर्ज सहसा सॉफ्टवेअर स्वतःहून फेकून देत नाही. अर्जातले ‘हो/नाही’चे प्रश्न असतात ना, अमुक परवाना आहे का, अमुक तारखेला रुजू होऊ शकाल का, त्यातल्या चुकलेल्या उत्तरावर मात्र अर्ज आपोआप बाजूला पडू शकतो. तिथे घाई करू नका. बाकीचे अर्ज आम्ही शब्द टाकून शोधतो आणि वरचे काही उघडतो. चारशेमधले साठ वाचून झाले आणि त्यात पाच चांगले मिळाले, की उरलेल्यांपर्यंत जाणं होत नाही. आधी अर्ज केलेल्याचा फायदा होतो तो यामुळे.

आता शांततेबद्दल. निवडलेला माणूस जॉइन होईपर्यंत दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला नकार कळवायचा नाही, असं आम्हाला सांगितलेलं असतं. पहिल्याचा नोटीस पिरियड तीन महिने असेल तर दुसरा तीन महिने टांगलेला. कधी आतलाच माणूस ठरलेला असतो, पण नियम म्हणून जाहिरात द्यावी लागते. कधी बजेट गोठतं आणि जाहिरात तशीच राहते, कारण ती काढायला ज्याची मंजुरी लागते तो ‘पुढच्या तिमाहीत बघू’ म्हणतो. कारण लेखी द्यायचं नाही ही वकिलांची सूचना. आणि शेवटी, नकाराचा मेल पाठवायचं बटण असतं. एका क्लिकचं काम आहे. ते दाबलं नाही म्हणून मला आजवर कोणीही विचारलेलं नाही. पद भरायला किती दिवस लागले हे मात्र दर सोमवारी विचारतात.

मुलाखतींचंही सांगते. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि चांगलं उत्तर कशाला म्हणायचं ते आधी ठरवलेलं, ही पद्धत नुसत्या गप्पांपेक्षा भरवशाची, हे जुनं ज्ञान आहे. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला त्यातही हे होतं. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हिशेब पुन्हा मांडला, कोणत्या पद्धतीवरून पुढच्या कामाचा किती अंदाज येतो याचे बरेच आकडे खाली आले, तरी अशी बांधीव मुलाखत सगळ्यात वर राहिली. मी दोनदा हे मांडलं. “मला माणूस पाच मिनिटांत कळतो,” असं विभागप्रमुख म्हणाले, आणि चौथी, पाचवी फेरी वाढली. फेऱ्या वाढतात त्या उमेदवाराला पारखायला कमी आणि निर्णयाची जबाबदारी वाटून घ्यायला जास्त.

धागाकर्त्यांना एक सुचवते. सामान्य मेलवर नको, ज्या व्यक्तीने मुलाखतीची वेळ ठरवली तिला थेट लिहा. ‘काय झालं’ असं विचारू नका, ‘हे पद अजून उघडं आहे का?’ एवढंच विचारा. या प्रश्नाला उत्तर द्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

*

लेखापाल (पुन्हा)

ताई, तुम्ही खरं लिहिलंत त्याबद्दल आभार. पण ते बटण दाबा हो! आम्ही रात्री झोपताना मेल बघतो आणि उठल्यावर पहिला मेलच बघतो. ‘नाही’ एवढं जरी आलं तरी माणूस पुढच्या कामाला लागतो.

*

विक्री विभाग (पुन्हा)

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात यावर नियमच केलाय. १ जानेवारी २०२६ पासून, पंचवीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने जाहीर केलेल्या पदासाठी मुलाखत घेतली, तर निर्णय झाला की नाही ते ४५ दिवसांच्या आत उमेदवाराला कळवायचं. जाहिरात प्रत्यक्षात रिकाम्या जागेसाठी आहे की नाही तेही जाहिरातीतच लिहायचं. निर्णय कळवायला मेलसुद्धा चालतो. म्हणजे ताई म्हणतात ते बटण.

*

धागाकर्ता

भरतीवाल्या ताईंनी सांगितलं तसं काल केलं. मुलाखतीची वेळ ठरवणाऱ्या मुलीला एका ओळीचा मेल पाठवला. वीस मिनिटांत उत्तर आलं. तिने माफी मागितली आणि सांगितलं की ते पद अमुक तारखेला बंद झालं, आतल्याच एकाला दिलं. मी कॅलेंडर उघडून बघितलं. ती तारीख माझ्या चौथ्या फेरीच्या सहा दिवस आधीची आहे.

संचालक त्या दिवशी माझ्याशी पाऊण तास बोलले होते. संदर्भांचे नंबर त्यानंतर मागितले होते.

संध्याकाळी साहेबांना फोन केला आणि सांगितलं, आता वाट बघू नका. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मी लिहून ठेवलं होतं रे, काय काय सांगायचं ते. वाचून दाखवू?” आणि त्यांनी ते पूर्ण वाचून दाखवलं.