पहिली ऑल-ग्रेन बिअर: १९ लिटरचं पातेलं, कापडी पिशवी आणि इंग्लंडमधल्या स्लाऊचं जड पाणी

स्लाऊवासी

तयार माल्ट एक्स्ट्रॅक्टच्या डब्यांवर चार खेपा झाल्या. आता डबा सोडून थेट माल्टपासून (मोड आणून वाळवलेली सातू), म्हणजे ऑल-ग्रेन करायचं आहे. बेत साध्या इंग्लिश पेल एलचा (फिकट रंगाची बिअर), फर्मेंटरमध्ये म्हणजे आंबवायच्या भांड्यात १० लिटर. घरात १९ लिटरचं स्टीलचं पातेलं, २ किलोवॅटची इंडक्शन शेगडी, १५ लिटरचा फर्मेंटर, हायड्रोमीटर (घनत्व मोजायची नळी) आणि डिजिटल थर्मामीटर आहे. शंका अशा:

१. मॅशसाठी, म्हणजे भरडलेलं माल्ट गरम पाण्यात मुरवायला, नळ बसवलेला कूलर (उष्णता टिकवणारा डबा) घेऊ, की कापडी पिशवीवर भागेल?
२. माल्ट, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं), पाणी नेमकं किती?
३. अख्खं माल्ट स्वस्त पडतं. घरच्या मिक्सरवर भरडलं तर चालेल का?
४. पाणी कंपनीच्या अहवालात क्षारता २५० आहे (मिलिग्रॅम प्रति लिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने). डब्यावर करताना त्रास झाला नाही. आता होईल का?

जाडभरड

कूलर घेऊ नका. १० लिटरसाठी पिशवीच बरी. पातेल्याच्या काठावर उलटी दुमडता येईल एवढी मोठी, पॉलिस्टरच्या बारीक जाळीची घ्या. सुती मलमल लवकर तुंबते.

मिक्सर नको. पातं टरफल फाडतं, आतल्या दाण्याचं काही पीठ होतं आणि काही दाणे अख्खेच राहतात. पीठ पिशवीची जाळी बंद करतं, अख्ख्या दाण्यातून साखर निघत नाही. हवी ती भरड: टरफल जवळपास अखंड, आतला गर लापशीच्या रव्याएवढा. दुकानातून भरडूनच मागवा, पिशवीसाठी थोडं बारीक दळून मिळत असेल तर तसं सांगा. पहिल्या खेपेला साखर कमी उतरते तेव्हा बहुतेकदा दोष भरडीचाच निघतो.

मापं अशी:

मॅरिस ऑटर पेल माल्ट २.१ किलो
मध्यम रंगाचं क्रिस्टल माल्ट १५० ग्रॅम
ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स (अल्फा, म्हणजे कडवटपणा देणारं आम्ल, ५%) ५० ग्रॅम: २० ग्रॅम उकळीच्या सुरुवातीला, १५ ग्रॅम शेवटची १० मिनिटं उरली असताना, १५ ग्रॅम आच बंद केल्यावर
एस-०४ यीस्ट, ११.५ ग्रॅमच्या पाकिटातलं निम्मं
पाणी १५.५ लिटर

पाण्याचा हिशेब उलटा मांडायचा. फर्मेंटरमध्ये १०, पातेल्याच्या तळाशी गाळात १, थंड होताना आकसण्यात अर्धा, तासाभराच्या उकळीत वाफ होऊन अडीच, आणि पिळून काढल्यावरही चोथ्यात अडकतं ते दीड लिटर. २.२५ किलो भरड साधारण दीड लिटर जागा खाते, म्हणजे पातेलं १७ लिटरपर्यंत भरेल. १९ मध्ये बसतं, पण ढवळताना सांभाळून.

पाणी ६९ अंशांवर आणा आणि शेगडी बंद करा. पिशवी लावून भरड थोडी थोडी सोडत सतत ढवळा. रव्याच्या गुठळ्या होतात तशाच इथेही होतात, आणि गुठळीच्या आत कोरडं पीठ तसंच राहतं. सगळं घातल्यावर तापमान ६६ च्या आसपास येईल. झाकण लावून पातेलं दुलईत गुंडाळा आणि ६० मिनिटं ठेवा, मधे एकदा ढवळा. तासात दोन-तीन अंश उतरले तर घाबरू नका, साखर बनण्याचं बरंचसं काम पहिल्या अर्ध्या तासात होतं. पुन्हा तापवायचंच असेल तर पिशवीखाली जाळीचा स्टँड ठेवा. नाहीतर पिशवी तळाला चिकटून जळते.

नाचणीला मोड आणून सत्त्व करतो तेव्हा त्याची पेज पातळ होते, कारण मोडातली एन्झाइम्स स्टार्च तोडतात. सातूच्या माल्टमध्ये हेच घडतं, फक्त इथे तापमान हातात ठेवावं लागतं. ६३-६४ ला आंबणारी साखर जास्त बनते आणि बिअर कोरडी होते. ६८-६९ ला न आंबणारा भाग जास्त राहतो आणि बिअर भरीव लागते. ७५ च्या वर गेलात तर एन्झाइम्स मरायला लागतात, मग थंड करूनही उपयोग नाही. म्हणून थर्मामीटर आधी बर्फाच्या पाण्यात आणि उकळत्या पाण्यात तपासून घ्या. दोन अंशांचा फरकही बिअरमध्ये कळतो.

नंतर पिशवी उचलून टांगा, चक्का टांगतो तशी. हातमोजे घालून खुशाल पिळा. पिळल्याने तुरटपणा येतो हा समज चुकीचा आहे. तो येतो पाणी फार तापल्याने किंवा मॅशचा पीएच चढल्याने.

उकळी ६० मिनिटं, झाकण काढून. झाकण ठेवलं तर उकडलेल्या मक्यासारखा वास आणणारं द्रव्य वाफेबरोबर न जाता परत आत पडतं. पहिल्या उकळीला फेस दुधासारखा उतू येतो, तेवढी पाच-सात मिनिटं पातेल्यापासून हलू नका. २ किलोवॅटवर उकळी यायला अर्धा तास सहज लागेल, तोपर्यंत झाकण अर्धवट ठेवायला हरकत नाही. शेवटच्या १५ मिनिटांना प्रोटाफ्लॉकची अर्धी गोळी घातली की गाळ चांगला बसतो.

हॉप्सच्या पाकिटावरची अल्फा बघा. ती दरवर्षी बदलते. ४% असेल तर पहिले २० ग्रॅम वाढवून २५ करा.

क्षारपड

वरचं सगळं मान्य, पण चौथा प्रश्न राहिला, आणि स्लाऊच्या पाण्यावर पेल एल करताना तोच कळीचा आहे. एक्स्ट्रॅक्टमध्ये मॅश कारखान्यातच झालेला असतो, म्हणून तेव्हा त्रास जाणवला नाही. आता मॅश तुमच्या पाण्यात होणार. त्याचा पीएच ५.२ ते ५.६ हवा. क्षारता २५० असेल आणि माल्ट फिकट असेल तर तो त्याच्या वर राहतो. मग साखर कमी उतरते, तुरटपणा येतो, हॉप्सचा कडवटपणा जिभेवर खरखरीत लागतो. गडद भाजलेलं माल्ट आम्लधर्मी असतं आणि ही क्षारता पेलतं. लंडनची जुनी ओळख पोर्टर या गडद बिअरची, यामागे हेही एक कारण आहे.

सोपा मार्ग पहिल्या खेपेसाठी: सुपरमार्केटचं कमी क्षारांचं बाटलीबंद पाणी घ्या. इथले घरी बिअर करणारे टेस्कोचं अ‍ॅशबेक वापरतात. त्यात कॅल्शियम फार कमी असतं, म्हणून १५.५ लिटरला ३ ग्रॅम जिप्सम आणि २ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घाला. कॅल्शियम लिटरमागे ९० मिलिग्रॅमच्या आसपास जाईल, ते पुरेसं आहे. अर्धा ग्रॅम दाखवणारा वजनकाटा लागेल, चमचा चालणार नाही.

दुसरा मार्ग नळाच्या पाण्याचा. इथल्या दुकानांत सीआरएस नावाचं द्रावण मिळतं, हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लांचं मिश्रण. लिटरमागे १ मिली घातलं की क्षारता साधारण १८० ने उतरते. २५० वरून ७० वर आलात की पेल एलला ठीक. आधी घालून नीट ढवळा, बुडबुडे जाऊ द्या, मग तापवा. डोळे आणि हात सांभाळा. फक्त लॅक्टिक आम्लाने एवढी क्षारता मारायला गेलात तर सगळ्या १५.५ लिटरला मिळून ८०% तीव्रतेचं सुमारे ५ मिली लागेल, आणि एवढ्याची आंबूस चव काहींना कळते.

नळाचं पाणी वापरणार असाल तर क्लोरीन काढणारी कॅम्पडेनची अर्धी गोळी चुरून घालाच. पाण्यातलं क्लोरीन किंवा क्लोरामाइन फिनॉलशी जुळलं की बिअरला जंतुनाशकासारखी, बँडेजच्या पट्टीसारखी चव येते आणि ती कधीच जात नाही. क्लोरामाइन तासभर उघडं ठेवून किंवा थोडं उकळून निघत नाही.

जाडभरड

पहिल्या खेपेला क्षारांची वजनं नकोत असं माझं मत होतं, क्लोरीनचं बघितलं की पुरे. पण २५० हा आकडा बघता क्षारपड यांचं बरोबर आहे. बाटलीचं पाणी घ्या, म्हणजे गडबड झाली तर निदान पाण्यावर शंका राहणार नाही.

स्लाऊवासी

दोघांचे आभार. बाटलीच्या पाण्यावर करतो. अजून दोन गोष्टी. उकळीनंतर कॉइल चिलर नाही, थंड कसं करू? आणि हायड्रोमीटरने अपेक्षेपेक्षा कमी दाखवलं तर काय?

गारवा

१० लिटरला चिलर लागत नाही. पातेलं झाकण लावून सिंकमध्ये किंवा बाथटबमध्ये थंड पाण्यात ठेवा, ते पाणी दोन-तीनदा बदला, शेवटी बर्फ टाका. २० अंशांवर आलं की फर्मेंटरमध्ये उंचावरून ओता, भरपूर फेस येऊ द्या. यीस्टला सुरुवातीला ऑक्सिजन हवा असतो. आंबणं सुरू झाल्यावर मात्र हवा लागू द्यायची नाही. ८० अंशांच्या खाली गेल्यावर वर्टला (माल्टच्या उकळलेल्या गोड पाण्याला) जे जे लागेल ते आधी धुतलेलं आणि मग सॅनिटायझरमधून काढलेलं हवं. मळ असेल तर सॅनिटायझर काम करत नाही.

आता हायड्रोमीटर. अपेक्षित सुरुवातीचं घनत्व १.०४४. कमी आलं तर आधी लिटर मोजा, मग घाबरा. उकळीनंतर पातेल्यात, थंड होऊन आकसल्यावर, ११ लिटर हवं. ११ गुणिले ४४ (१.०४४ मधले दशांशानंतरचे आकडे) म्हणजे ४८४. समजा १.०३८ आलं पण पातेल्यात १२.७ लिटर आहे, तर १२.७ गुणिले ३८ म्हणजे ४८३. साखर पूर्ण उतरली आहे, फक्त वाफ कमी झाली. आणखी अर्धा-पाऊण तास उकळा. पण ११ च लिटर आणि १.०३८ असेल तर साखर खरोखर कमी उतरली. भरड जाड, गुठळ्या, किंवा तापमान चुकलं. त्या खेपेला हलकी बिअर होईल इतकंच, ती टाकू नका. लाकडी पट्टीवर लिटरच्या खुणा आधीच करून ठेवा. नमुना २० अंशांवर आणूनच वाचा, गरम वर्ट खोटं कमी दाखवतं.

आंबवताना पहिले तीन दिवस बिअर १८ ते २० अंशांत ठेवा. आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-तीन अंश जास्त असतं, म्हणून फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवून ओला टॉवेल गुंडाळा. २४ च्या वर गेलं तर जळजळीत दारूचा वास येतो. दोन आठवड्यांनी घनत्व १.०११ च्या जवळ यावं, म्हणजे मद्यार्क ४.३% च्या आसपास. तीन दिवसांच्या अंतराने दोन वाचनं सारखी आली तरच बाटल्या भरा. साखर लिटरमागे ५ ग्रॅम, म्हणजे साडेनऊ लिटरला ४८ ग्रॅम, थोड्या पाण्यात उकळून गार करून. घनत्व अजून उतरत असताना भरलंत तर बाटल्या फुटतात, आणि काच अंगात घुसते. दाब सोसणाऱ्या बिअरच्याच बाटल्या घ्या. २० अंशांच्या आसपास दोन आठवडे ठेवा.

नाशिककर

हेच इकडे घरी करता येईल का? माल्ट तर मिळतं.

क्षारपड

माल्ट मिळालं तरी नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, घरच्यापुरतं असलं तरी. ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. मात्र केलेली बिअर विकता येत नाही.

स्लाऊवासी

समजलं. शेवटचं: चोथ्याचं काय करू? जवळजवळ चार किलो ओला उरेल.

जाडभरड

त्याच दिवशी हलवा, दुसऱ्या दिवशी आंबूस वास सुटतो. वाटीभर ओला चोथा थालीपिठाच्या पिठात चालतो. जास्त घातला तर टरफलं दातात येतात. उरलेला कंपोस्टमध्ये, कोरडी पानं मिसळून. उकळीतल्या हॉप्सचा गाळ मात्र वेगळा काढून बंद कचऱ्यात टाका. घरात किंवा शेजारी कुत्रा असेल तर विशेष काळजी घ्या, हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात.