विषय: पहिले सिझर, दुसरे बाळंतपण गुहागरला

सप्रेम नमस्कार.

२०२१ साली बाळ पायाळू असल्यामुळे माझे इथे परदेशात सिझर झाले. आता सातवा महिना संपत आला असून तारीख जुलैअखेरची आहे. आईचा आग्रह आहे की हे बाळंतपण माहेरी, गुहागरलाच व्हावे. इथल्या डॉक्टर नॉर्मल डिलिव्हरीच्या प्रयत्नास अनुकूल आहेत. गावी मात्र ‘एकदा सिझर म्हणजे कायमचे सिझर’ असे जो तो बजावतो. मंडळातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

— एक सभासद

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ असून माझी उमेदीची वर्षे कोकणातच गेली. ते वाक्य न्यूयॉर्कच्या एडविन क्रॅगिन यांचे, १९१६ सालचे. तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घेत असत. हल्ली बहुधा खालच्या भागात आडवा छेद घेतात आणि तसा एकच छेद असेल, तर प्रयत्न करणाऱ्या शंभरांतील साठ ते ऐंशी जणींची प्रसूती नॉर्मल होते. पायाळूपणा दर खेपेस असतोच असे नाही, हेही आपल्या बाजूचे आहे. मात्र पोटावरच्या व्रणावरून आतला छेद कळत नाही आणि डिस्चार्ज कार्डावर पुष्कळदा नुसते ‘सिझर’ एवढेच असते, म्हणून निघण्यापूर्वी ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्यावी.

कळांच्या वेळी जुना व्रण उकलण्याचा धोका साधारण दोनशेत एकीला असतो. तसे झाल्यास बाळाचे ठोके घसरतात, काही वेळा दोन कळांच्या मधेही व्रणापाशी दुखत राहते, आणि लगेच ऑपरेशन करावे लागते. त्यामुळे माझी हरकत नॉर्मलला नाही, गुहागरला आहे. चिपळूण तिथून सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. जुलैच्या पावसात शृंगारतळीच्या पुढे झाड आडवे पडले, तर गाडीतच अडकाल. सदतिसाव्या आठवड्यापासून चिपळुणातच राहावे, आणि रात्रीही भूलतज्ज्ञ, रक्त व ठोक्यांवर सतत लक्ष ठेवण्याची सोय आहे का, हे रुग्णालयात स्पष्ट विचारावे. कळा आणण्यासाठी औषध देण्याचा विषय निघाल्यास जुने सिझर आवर्जून सांगावे, कारण त्याने धोका वाढतो आणि त्यांतले मिझोप्रोस्टॉल हे औषध तर टाळावेच. आईंनाही सांगावे, की कळा सुरू झाल्यावर ‘आधी पेज घे, मग बघू’ हे चालणार नाही.

— एक निवृत्त डॉक्टर

आपले पत्र आईला फोनवर वाचून दाखवले. पेजेच्या वाक्याला ती हसली, पण चिपळूणच्या मावशीला मागची खोली रिकामी करायला तिनेच सांगितले. ऑपरेशन नोट आज मिळाली. छेद खालचा, आडवा आहे.