'कामाचा हक्क' नेमका कोणता? राइट टू वर्क, फ्री रायडर आणि डीरेग्युलेशन

मुक्त बाजाराच्या समर्थकांनी लिहिलेला एक लेख मराठीत आणते आहे आणि दुसऱ्याच पानावर अडले आहे. मूळ वाक्यात अमेरिकेतल्या 'राइट टू वर्क' कायद्यांचा उल्लेख आहे. मी सरळ 'कामाचा हक्क' लिहिलं, तर वाक्य असं झालं: 'ज्या राज्यांत कामाचा हक्क आहे, तिथे कामगार संघटना दुबळ्या आहेत.' माझं मलाच हसू आलं. हक्क मिळाल्यावर संघटना दुबळी कशी होईल? दुसरा शब्द सुचवा. जाता जाता 'फ्री रायडर' आणि 'डीरेग्युलेशन' यांचंही सांगा.

——

हसू येणारच. 'कामाचा हक्क' हा शब्द मराठीत आधीच दुसऱ्या अर्थाला देऊन टाकलेला आहे. सरकारने हाताला काम द्यावं, हा तो अर्थ. १८४८ साली पॅरिसच्या कामगारांनी मागितला तो हाच हक्क, आणि भारताच्या राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये आहे तोही हाच. अमेरिकन कायदा कुणालाही काम देत नाही. संघटनेचं सभासदत्व किंवा तिला पैसे देणं ही नोकरीची अट करता येणार नाही, एवढंच तो म्हणतो. अशी बंदी घालायची मोकळीक राज्यांना १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने दिली. आज २६ राज्यांत ती आहे. मिशिगनने मात्र २०२३ मध्ये आपला कायदा रद्द केला.

नाव मुळातच प्रचारकी आहे. शब्दाला शब्द ठेवला की प्रचार गळून जातो आणि उलटा अर्थ हातात येतो. मी 'वर्गणीसक्तीबंदी कायदा' म्हणेन. जिभेला जड आहे, कबूल.

——

'वर्गणी'ला माझी हरकत आहे. वर्गणी माणूस आपण होऊन देतो, निदान तसं धरलेलं असतं. नाही म्हणायची सोय नसली की ती पट्टी: घरपट्टी, पाणीपट्टी. इथे हा फरक नेमका उपयोगी पडतो, कारण 'एजन्सी शॉप' नावाच्या पद्धतीत संघटनेत न आलेल्या कामगाराकडूनही पैसे कापले जातात. सभासद देतो ती वर्गणी, बाहेरच्याकडून कापली जाते ती पट्टी. सरकारी नोकरांच्या बाबतीत ही पट्टी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बंदच केली.

'खंडणी' लिहायचा मोह होईल, तो आवरा. मग तो अनुवाद राहत नाही, अग्रलेख होतो.

——

मुक्त बाजारवाले झाडून सगळे या कायद्याच्या बाजूचे, असं धरून शब्द निवडू नका. मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये याच्या उलट मांडलं होतं. मालकाने आणि संघटनेने राजीखुशीने ठरवलं की सभासदांनाच कामावर घ्यायचं, तर सरकारने मध्ये का पडावं? नोकरी देताना भेदभाव करू नका असं सांगणारे कायदे आणि हे कायदे त्यांना तत्त्वतः एकाच पंगतीतले वाटत, आणि दोन्ही नापसंत होते. मला हे पटत नाही, पण माणूस आपल्या तत्त्वाला चिकटून आहे हे मानावं लागतं.

त्याच गोटातले दुसरे म्हणतात, राजीखुशी कुठली? बहुमताने निवडलेल्या संघटनेशी वाटाघाटी करणं मालकाला १९३५ च्या वॅग्नर कायद्यानेच भाग पाडलं. तेव्हा ही बंदी म्हणजे त्या सक्तीवरचा उतारा. एकाला जी बंदी वाटते ती दुसऱ्याला सुटका वाटते. माझं मत 'बंदी'लाच, कारण कायद्यात प्रत्यक्ष तेच आहे: करारात एक अट घालायला मनाई.

——

फ्री रायडर, म्हणजे काही न देता फायदा घेणारा 'फुकट प्रवासी'. त्यासाठी कुणीतरी 'आयत्या बिळावर नागोबा' सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो, नको. नागोबा मुंग्यांचं बीळ बळकावतो. हा कुणाला हुसकावत नाही, नुसत्या आयत्या पिठावर रेघोट्या ओढतो. संघटनेने केलेला करार सगळ्यांना लागू होतो, त्यामुळे छदामही न देणाऱ्याच्या पदरात पगारवाढ पडते. एका शब्दात 'फुकट्या'.

फक्त हा शब्द संघटनेच्या तोंडचा आहे. तुमच्या लेखातली माणसं त्यालाच 'फोर्स्ड रायडर' म्हणतात. माझ्या वतीने बोला असं यांना मी कधी सांगितलं, असा त्याचा सवाल असतो. त्यांच्या वाक्यात 'मारून मुटकून बसवलेला प्रवासी' म्हणा.

डीरेग्युलेशनला 'विनियमन' अजिबात लिहू नका. कायद्याच्या मराठीत विनियम म्हणजेच रेग्युलेशन. 'वि' दिसला की नकार, असं समजून लोक फसतात. 'नियंत्रणमुक्ती' रुळलेला आहे आणि 'नियममुक्ती'पेक्षा खराही आहे. अमेरिकेत १९७८ मध्ये विमान कंपन्यांचं डीरेग्युलेशन झालं तेव्हा भाडी आणि मार्ग यांवरचं सरकारी नियंत्रण टप्प्याटप्प्याने उठलं, सुरक्षेचे नियम राहिले. 'नियममुक्ती' वाचणाऱ्याला वाटेल, तेही गेले.

'मुक्त'ची जागा मात्र सांभाळा. पुढे असला तर विशेषण, मागे असला तर झाडू. मुक्त व्यापारात व्यापार वाढतो, व्यापारमुक्त देशात तो उरतच नाही.

——

झाडू लक्षात राहील! वाक्य आता असं केलं आहे: 'संघटनेची पट्टी सक्तीने घ्यायला ज्या राज्यांत बंदी आहे (तिथे या कायद्याला 'राइट टू वर्क' म्हणतात), तिथे कामगार संघटना दुबळ्या आहेत.' लांबलं, पण हसू येत नाही. उलट आता कळतंय की बंदीमुळे संघटना दुबळ्या झाल्या, की आधीच दुबळ्या होत्या म्हणून बंदी आणता आली, हे मूळ लेखकाने सांगितलेलंच नाही. ते मी भरायचं नाही, तसंच ठेवते.

पुढच्या पानावर 'लिबर्टेरियन' आहे. 'स्वातंत्र्यवादी' लिहिलं तर वाचक म्हणेल, कुठल्या देशाचं स्वातंत्र्य?